वाचक विचारतात: धावती गाडी रस्त्यातून चार्ज होते, ती नेमकी कशी?

गेल्या महिन्यात ईव्हीच्या बॅटरीची काळजी कशी घ्यायची त्यावर लिहिताना शेवटी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की परदेशात आता रस्त्याखाली कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, पुरून धावत्या गाडीला चार्ज करायचे प्रयोग चाललेत, आणि सगळ्यात जास्त पत्रं त्या दोन ओळींवरच आली, बॅटरी राहिली बाजूला. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. मी स्वतः वीस-बावीस वर्षं इंडक्शन हीटिंगच्या मशिनींवर काम करतोय, कॉइलमध्ये वीज सोडून लोखंड लाल करायचं हा आमचा रोजचा धंदा, आणि रस्त्यातलं चार्जिंग हे त्याचंच सख्खं भावंड, फरक एवढाच की इथे काही तापू द्यायचं नाही, वीज नुसती पलीकडे पोचवायची. त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

फ्रान्समधल्या हायवेवर गाड्या चालता चालता चार्ज होतात असा व्हिडिओ फिरतोय. खरं आहे का? खरं असेल तर मी ईव्ही घ्यायचं दोन वर्षं थांबू का? चार्जर बसवायचा खर्चच वाचेल.
(एक वाचक, चाकण)

रस्ता खरा आहे. पॅरिसच्या नैऋत्येला साधारण चाळीस किलोमीटरवर आंजेरव्हिलिए नावाचं गाव आहे, तिथे ए-१० या महामार्गाच्या दीड किलोमीटरच्या पट्ट्यात कॉइल पुरल्यात, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे ट्रक, बस, कार आणि एक व्हॅन अशा चार प्रकारच्या गाड्या खऱ्या वाहतुकीत चालवून बघितल्या. रस्ता चालवणारी व्हिन्सी कंपनी, कॉइल बनवणारी इस्राएलची इलेक्ट्रिऑन, आणि मोजमाप करायला गुस्ताव्ह आयफेल विद्यापीठ. त्यांनी जाहीर केलेले आकडे म्हणजे सरासरी २०० किलोवॅटच्या वर आणि काही क्षण ३०० किलोवॅटच्याही वर, आणि हे आकडे ऐकून मी खुर्चीतून उठलो होतो, कारण २०१७ साली व्हर्सायजवळच्या शंभर मीटरच्या चाचणी ट्रॅकवर क्वालकॉमने ताशी १०० च्या वेगाला २० किलोवॅट पोचवले तेव्हा आमच्या क्षेत्रात तीच मोठी बातमी होती.

पण दादा, दीड किलोमीटर म्हणजे दीडच किलोमीटर. आणि तुम्ही शोरूममधून जी गाडी आणाल तिच्या पोटाखाली ती वीज घेणारी कॉइलच नसते, त्या चारही गाड्यांना ती मुद्दाम बसवली होती. म्हणजे रस्ता उद्या तुमच्या दारात आला तरी तुमची गाडी त्याच्यावरून कोरडीच जाणार. थांबू नका. घरचा चार्जर बसवून टाका, तो वाया जाणार नाही.

ही कल्पना काल-परवाची नाही, हेही सांगतो. १८९४ साली मोरिस युतँ आणि मोरिस लब्लाँ या दोन फ्रेंच इंजिनिअरांना धावत्या रेल्वेगाडीला स्पर्श न करता वीज द्यायच्या पद्धतीचं अमेरिकन पेटंट मिळालेलं आहे. तेव्हा मोटारगाडीच नीट जन्मली नव्हती. मग एवढी वर्षं का अडलं, तर इतक्या वेगाने इतकी वीज चालू-बंद करणारे स्विच नव्हते. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठाच्या लोकांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात बस चालवून बघितली, दोन कॉइलमध्ये अंतर साडेसात सेंटिमीटर आणि दिलेल्या विजेतली जेमतेम साठ टक्के पोचायची. त्याच सुमाराला न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात जॉन बॉईज आणि ग्रँट कोव्हिक यांनी हेच तंत्र कारखान्यातल्या ट्रॉल्यांसाठी पक्कं केलं, तिथे ते कधीच रुळलंय, बाहेर कुणाला माहीत नसतं इतकंच.

मी नववीत आहे. वायर नाही तर वीज रस्त्यातून गाडीत उडी कशी मारते? आणि पावसात रस्त्यावर पाणी साचलं तर शॉक लागेल का? बाबा म्हणाले लागेल, सर म्हणाले नाही.
(एक विद्यार्थिनी, नाशिक)

सर बरोबर आहेत, पण बाबांची शंका चुकीची नाही, वीज आणि पाणी म्हटलं की भीती वाटायलाच हवी. इथे का लागत नाही ते सांगतो.

मुळात वीज उडी मारतच नाही. तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि ते क्षेत्र सारखं उलटसुलट होत राहिलं की शेजारच्या दुसऱ्या वेटोळ्यात आपोआप वीज तयार होते. मायकेल फॅरडेने हे १८३१ साली दाखवलं, तुझ्या पुस्तकात आहेच. रस्त्याखालची कॉइल हे पहिलं वेटोळं आणि गाडीच्या पोटाखालची पाटी हे दुसरं. मधून जातं ते चुंबकीय क्षेत्र, आणि पाणी चुंबकाला अडवत नाही की खेचत नाही. शिवाय कॉइल रबरासारख्या आवरणात पूर्ण बंद असते आणि तिच्यावर डांबर असतं, उघडी तार कुठेच नाही.

आमच्या मुलीच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी आम्ही दोघांनी हे घरी केलं होतं. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून इनॅमलची तांब्याची तार आणली, पोह्यांच्या डब्याभोवती तीस वेढे घेतले, डबा काढून घेतला की वेटोळं तयार, अशी दोन केली. एकाला एक ट्रान्झिस्टर आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दुसऱ्याला नुसता एक एलईडी. वर-खाली धरली आणि एलईडी लागला, कुठेही वायर जोडलेली नाही. मग खरी गंमत. मध्ये वही घातली, काही फरक नाही. पोळपाट घातला, काही नाही. काचेच्या ताटलीत पाणी भरून ठेवलं, तरी दिवा तसाच. आणि स्टीलचं ताट सरकवलं की फट्कन गेला. वरचं वेटोळं बाजूला दोन बोटं सरकवलं तर दिवा मंद, चार बोटं सरकवलं तर जवळजवळ गेलाच. रस्त्यावरच्या चार्जिंगच्या निम्म्या अडचणी या एका खेळात दिसतात बघ: मध्ये धातू नको, अंतर वाढायला नको, आणि ड्रायव्हरने लेनच्या मधोमध गाडी ठेवायला हवी.

घरातल्या प्लगमधली वीज सेकंदाला ५० वेळा दिशेचं पूर्ण चक्र करते, तेवढ्याने हे काम होत नाही. उभ्या गाडीच्या वायरलेस चार्जिंगसाठी ८५ किलोहर्ट्झच्या आसपासचा पट्टा ठरलेला आहे, म्हणजे सेकंदाला पंचाऐंशी हजार चक्रं. शिवाय दोन्ही कॉइल कपॅसिटर लावून एकाच सुरात लावाव्या लागतात. सतारीला वरच्या तारांखाली तरफेच्या तारा असतात ना, त्यांना कुणी बोट लावत नाही पण वरचा सूर जुळला की त्या आपोआप वाजायला लागतात, तसं. सूर जुळला नाही तर वीज वाया जाते, जुळला की पंधरा-वीस सेंटिमीटर अंतरावरूनही भरपूर पोचते. कोरियातल्या गुमी शहरात २०१३ साली बस सुरू झाली होती, तिची पाटी रस्त्यापासून १७ सेंटिमीटर उंच होती आणि तरी १०० किलोवॅट, ८५ टक्के पोचत होते.

बाबांना हा प्रयोग करून दाखव, पण ९ व्होल्टच्या बॅटरीवरच, घरच्या प्लगला काही जोडायचं नाही.

मुलगी अमेरिकेत डेट्रॉइटजवळ असते, उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. तिच्या ऑफिसजवळ गाड्या चार्ज करणारा रस्ता आहे म्हणते. यांना पेसमेकर आहे. त्या रस्त्यावरून चाललं तर चालेल का?
(एक वाचक, सांगली)

काकू, तो रस्ता म्हणजे फोर्टीन्थ स्ट्रीट, जुन्या मिशिगन सेंट्रल स्टेशनच्या जवळचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाला, अमेरिकेतला सार्वजनिक रस्त्यावरचा असा पहिला, लांबी साधारण ४०० मीटर.

तुमच्या काळजीचं उत्तर या रस्त्यांच्या रचनेतच आहे. रस्ता कायम चालू नसतो. खाली एकच लांबलचक तार नसून थोड्या थोड्या लांबीचे स्वतंत्र तुकडे असतात, रिसीव्हर असलेली ओळखीची गाडी बरोबर वर आली की तेवढाच तुकडा चालू होतो आणि गाडी पुढे गेली की बंद. साधी गाडी गेली, माणूस चालत गेला, कुत्रं बसलं, तर तो नुसता डांबराचा रस्ता. आणि तुकडा चालू असतो तेव्हा वर गाडीच उभी असते, क्षेत्र बाहेर पसरू नये म्हणून पाटीच्या वर फेराइट (चुंबकीय क्षेत्राला वाट देणारा पदार्थ) आणि अ‍ॅल्युमिनियमचं कवच असतं.

मर्यादाही ठरलेल्या आहेत. सामान्य माणसासाठी ८५ किलोहर्ट्झच्या या फ्रिक्वेन्सीला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा २७ मायक्रोटेस्ला आहे (मायक्रोटेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्राची ताकद मोजायचं माप), आणि वायरलेस चार्जिंगच्या अमेरिकन मानकात पेसमेकर असलेल्यांसाठी ती आणखी कडक, १५ मायक्रोटेस्ला धरलेली आहे. गाडीच्या आत आणि गाडीच्या बाजूला क्षेत्र याच्या खाली राहील अशीच डिझाइन करावी लागते.

तरीही काकांच्या कार्डिऑलॉजिस्टना जायच्या आधी एकदा विचाराच, पेसमेकरचं मॉडेल त्यांना माहीत असतं आणि मला नाही. आणि एक गोष्ट मी माझ्या कारखान्यातल्या माणसांनाही सांगतो ती तुम्हालाही सांगतो: घरातल्या इंडक्शन शेगडीवर काका स्वतः चहा ठेवत असतील तर पेसमेकरवाल्या माणसाने छाती शेगडीवर वाकवून पातेल्यात डोकावायचं नाही, हातभर लांब उभं राहायचं. रोजच्या आयुष्यात त्या रस्त्यापेक्षा शेगडीचा संबंध जास्त येतो.

मी पुण्यात ई-रिक्षा चालवतो. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर होतात. दुपारी चार्जिंगला दोन-तीन तास गाडी उभी म्हणजे धंदा बुडतो. असा रस्ता पुण्यात झाला तर मला किती फायदा? खरं सांगा.
(एक रिक्षाचालक, हडपसर)

दादा, तुमचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे, म्हणून सावकाश हिशोब मांडतो.

या विषयात लोक नेहमी विचारतात किती किलोमीटर रस्ता. खरा प्रश्न आहे गाडी कॉइलवर किती सेकंद राहते. एक कार घ्या, तिची पाटी २० किलोवॅट घेऊ शकते (एक किलोवॅट तासभर मिळाला की एक युनिट). ताशी १०० ने पळत असेल तर एक किलोमीटर ३६ सेकंदात संपतो, तेवढ्यात तिला मिळाली ०.२ युनिट. त्या एका किलोमीटरला तिने खर्च केली साधारण ०.१५ ते ०.१८. म्हणजे कोट्यवधी खर्च करून एक किलोमीटर रस्ता केला आणि गाडीच्या हातात शिल्लक किती, तर दोनतीनशे मीटरची! तीच कार ४० ने चालली तर ९० सेकंद मिळतात, अर्धं युनिट, म्हणजे तीन किलोमीटर. आणि तीच कार सिग्नलला साठ सेकंद एका जागी उभी राहिली तर त्या गाडीच्या लांबीएवढ्या जागेत दोन किलोमीटरची वीज मिळते. एका गाडीच्या लांबीत! त्यामुळे कॉइल जिथे गाडी पळते तिथे पुरण्यापेक्षा जिथे थांबते, रांगेत सरकते, दम खाते, तिथे पुरलेली जास्त पावते.

आता तुमची रिक्षा. तुम्ही दिवसभरात स्टँडवर रांगेत किती वेळ असता ते तुम्हालाच माहीत, तुकड्या-तुकड्याने मिळून तीन तास धरू. नागपूरची व्हीएनआयटी ही इंजिनिअरिंगची संस्था आणि तिरुअनंतपुरमचं सी-डॅक हे सरकारी संशोधन केंद्र यांनी मिळून उभ्या गाडीसाठी एक देशी वायरलेस चार्जर बनवलाय, २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्याचं तंत्रज्ञान उत्पादनासाठी कंपनीकडे दिलं. दीड किलोवॅटचा आहे, घरच्या २३० व्होल्टवर चालतो, साडेबारा सेंटिमीटर अंतरावरून ८९ टक्क्यांपर्यंत वीज पोचवतो, आणि ४८ व्होल्टची ४.८ युनिटची बॅटरी तीन तासांत ९० टक्के भरतो. हा आकार बघा, तुमच्याच जातीच्या गाडीचा आहे. तीन तास गुणिले दीड किलोवॅट म्हणजे साडेचार युनिट, तुमची गाडी किलोमीटरला ६० वॉट-अवर खात असेल तर झाले ७५ किलोमीटर. म्हणजे स्टँडवर जमिनीत अशा दहा-बारा पाट्या असत्या आणि रांगेत पुढे सरकताना गाडी एकीवरून दुसरीवर गेली असती तर दुपारची तुमची ती दोन-तीन तासांची सुट्टी जवळपास वाचली असती.

म्हणून खरं सांगायचं तर तुम्हाला चार्ज होणारा रस्ता नको, चार्ज होणारा स्टँड हवा. रिक्षा संघटनेने महापालिकेकडे मागायचं असेल तर हेच मागावं, हे माझं ठाम मत आहे. हायवेच्या प्रयोगापेक्षा कितीतरी स्वस्त आणि ज्याचं पोट त्या गाडीवर आहे त्याच्या थेट कामाचं. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये २०१४ पासून बसच्या शेवटच्या थांब्यावर जमिनीतून चार्जिंग करत एक पूर्ण मार्ग इलेक्ट्रिक बसवर चालवला, ड्रायव्हर चहा घेईपर्यंत बस काही किलोमीटरची वीज घेऊन तयार.

मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. आमच्या कोकणात चार महिने पाऊस, दर वर्षी खड्डे, आणि रस्ता झाला की महिन्याभरात कुणीतरी पाइपसाठी खोदतंच. अशा रस्त्यात कॉइल टिकणार कशी?
(एक वाचक, रत्नागिरी)

साहेब, तुम्ही रस्त्याचे आणि मी कॉइलचा, त्यामुळे तुमच्या बाजूचं मी जपूनच बोलतो, चुकलं तर जरूर लिहा.

पाण्याचं आणि थंडीचं उत्तर आहे. स्वीडनच्या गॉटलँड बेटावर विमानतळ ते विस्बी गाव या रस्त्यावर १.६५ किलोमीटरमध्ये अशा कॉइल पुरल्या होत्या, तिथे बर्फ पडतो, मीठ टाकतात, बर्फ खरवडणारी गाडी फिरते, आणि त्यावरून ४० टनी ट्रक आणि विमानतळाची बस चालवली. कॉइल वरच्या थराखाली आठ-एक सेंटिमीटरवर असतात. म्हणजे वरचं कार्पेट, डांबराचा वरचा थर, मिलिंग करून म्हणजे मशिनने खरवडून काढलं आणि नवीन टाकलं तरी खाली धक्का लागत नाही, खोली नीट सांभाळली तर.

खरी काळजी आपल्या सवयीची आहे. आपण बऱ्याच ठिकाणी जुनं कार्पेट न काढता वरून नवा थर टाकतो, रस्ता दर खेपेला चार-पाच सेंटिमीटर उंच होतो, घरांचे उंबरे खाली जातात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. कॉइलच्या रस्त्याला हे चालणारच नाही. दोन थर चढले की अंतर दहा सेंटिमीटरने वाढलं, माझ्या मुलीचा एलईडी जसा मंद झाला तशीच गाडीला मिळणारी वीज मंद होणार. खड्डा पडला तर उलट कॉइल उघडी. शिवाय डांबर मऊ आणि कॉइलचं आवरण वेगळ्या पदार्थाचं, उन्हाने दोन्ही सारखे फुगत-आकसत नाहीत, त्यांच्या सांध्यावर भेग वर यायचा धोका असतो, आणि भेग आली की पाणी आत शिरून पुढचं सगळं तुम्हाला पाठ आहे.

आणि खोदकाम! याला तंत्रज्ञानात औषध नाही. रस्त्याच्या कडेला काही अंतरावर एक कपाट लागतं, त्यात वीज ८५ किलोहर्ट्झची करणारे इन्व्हर्टर, त्याच्यापासून प्रत्येक तुकड्यापर्यंत केबल, म्हणजे लेन आणि साइडपट्टी दोन्हीखाली जाळं. पाण्याची लाइन फुटली म्हणून रात्री अकराला जेसीबी आला तर त्याला कुणी नकाशा दाखवणार आहे का? ज्या गावात पाइप, ड्रेनेज, फायबर सगळं एका डक्टमध्ये गेलंय तिथेच याचा विचार व्हावा. बस डेपो, बंदराचा आवार, विमानतळ, कारखान्याचा परिसर, अशा जागा एकाच मालकाच्या असतात, तिथे खोदणाराही तोच आणि निस्तरणाराही तोच. तिथे हे टिकेल यावर माझा विश्वास आहे.

पैशांचंही सांगून टाकतो. स्वीडनने ई-२० महामार्गावर हॉल्सबेरी ते ओरेब्रू २१ किलोमीटरचा जगातला पहिला कायमचा इलेक्ट्रिक रस्ता करायचं ठरवलं होतं. २०२३ मध्ये आलेल्या निविदा बजेटच्या वर गेल्या म्हणून त्यांच्या वाहतूक प्रशासनाने ती खरेदी थांबवली. स्वीडनसारखा देश, तोही आधी वेगवेगळ्या पद्धतींचे चार-चार प्रयोग करून झालेला, तो थांबला ही गोष्ट मी गांभीर्याने घेतो. हे अपयश आहे असं मला वाटत नाही, एवढा खर्च करायच्या आधी त्यांनी आकडे बघितले, हे मला उलट आवडलं.

मग आपल्या एक्स्प्रेसवेला हे कधीच नको का? ट्रकवाल्यांचं काय? आणि एवढं खोदण्यापेक्षा लोकलसारखी वरून तार का नाही टाकत?
(एक वाचक, पनवेल)

आधी तारेचं. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, तेव्हापासून आपण रोज धावता धावता वीज घेणाऱ्या गाडीत बसतोय, लोकलला बॅटरीवर पळावं लागत नाही म्हणून ती एवढं ओझं ओढते. रस्त्यावरही मुंबईने हे बघितलंय, बेस्टची ट्रॉलीबस १९६२ ते १९७१ गवालिया टँक ते माझगाव डॉक धावत होती. जर्मनीने फ्रँकफर्टच्या दक्षिणेला ए-५ महामार्गावर २०१९ पासून तारेखाली ट्रक चालवून बघितले. तार स्वस्त पडते आणि वीज कमी वाया जाते, यात दुमत नाही. पण तार उंच ट्रकलाच पुरते, कारला आणि रिक्षाला नाही, आणि तार तुटली, क्रेन अडकली, वादळ आलं की लेन बंद. तिसरा प्रकार म्हणजे रस्त्यातच रूळ, स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळाजवळ २०१८ ला दोन किलोमीटर केला होता, गाडी खालून एक दांडा त्यात सोडते. तिथे घाण, खडे आणि बर्फ यांची झटापट.

आता ट्रक. इथे माझं मत रिक्षावाल्या दादांना दिलेल्या उत्तरापेक्षा वेगळं आहे, कारण हिशोब वेगळा आहे. ४० टनी ट्रक ताशी ८० ने जाताना किलोमीटरला सव्वा युनिट खातो असं धरा. ए-१० सारखे २०० किलोवॅट मिळाले तर एका किलोमीटरच्या ४५ सेकंदांत अडीच युनिट मिळतात. खर्चाच्या दुप्पट. म्हणजे निम्म्याच रस्त्याला कॉइल असल्या तरी ट्रक दिवसभर चालेल आणि बॅटरी लहान ठेवता येईल. मोठ्या ट्रकची बॅटरी टनावारी वजनाची असते, ती कमी झाली की तेवढा माल जास्त. गुमीच्या बसमध्येही हेच साधलं होतं, साध्या इलेक्ट्रिक बसच्या एक तृतीयांश बॅटरी, आणि मार्गाचा थोडासाच भाग कॉइलचा.

मग मला सारखा बोरघाट दिसतो. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साधारण ५०० मीटर चढ. ४० टन वजन ५०० मीटर नुसतं उचलायला ५४ युनिट लागतात, शाळेतलं गणित आहे, वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची. भरलेले ट्रक तिथे कसे चढतात ते तुम्ही पनवेलचे, तुम्हाला सांगायला नको, डाव्या लेनला एकामागे एक, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी वीस-तीस. म्हणजे ज्या जागी ट्रकला सगळ्यात जास्त वीज लागते त्याच जागी तो सगळ्यात हळू असतो, कॉइलवर सगळ्यात जास्त सेकंद. तेरा किलोमीटरचा घाट ३० च्या वेगाने २६ मिनिटं, १५० किलोवॅटने ६५ युनिट. चढायला लागणारी जवळपास सगळी वीज चढतानाच! आणि उतरणारे ट्रक ब्रेक मारताना बॅटरीत वीज परत भरतात ते वेगळंच.

हा माझा वहीवरचा हिशोब आहे, घाटात कुणी असं करतंय असा त्याचा अर्थ नाही. घाटात वळणं आहेत, दरड आहे, बोगदे आहेत, आणि डाव्या लेनमध्ये शंभर ट्रक एकदम चढत असतील तर पंधरा मेगावॅट लागतील, म्हणजे स्वतंत्र सबस्टेशन आलं. पण एक्स्प्रेसवेच्या अख्ख्या ९४ किलोमीटरबद्दल बोलायचं सोडून त्या तेरा किलोमीटरच्या एका लेनबद्दल कुणी इंजिनिअर लोकांनी बसून बोललं तर ते बोलणं मला ऐकायला आवडेल.

वीज वाया किती जाते आणि बिल कुणाच्या नावावर?
(एक वाचक, कोल्हापूर)

वायरच्या चार्जरपेक्षा वायरलेसमध्ये थोडी जास्त वाया जाते. गाडी उभी आणि नीट मधोमध असेल तर नव्वदच्या आसपास टक्के पोचतात, धावती गाडी लेनमध्ये इकडे-तिकडे होते म्हणून आकडा खाली येतो. बिलासाठी अडचण नाही, तुकडा चालू करायलाच गाडीची ओळख लागते, त्यामुळे कुठल्या गाडीने किती घेतली ते फास्टॅगसारखं नोंदता येतं.

मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला हाच विषय घ्यायचाय. सर म्हणतात फार मोठा आहे. काय करू?
(एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

सर बरोबर म्हणतायत, पूर्ण रस्ता करायला जाऊ नको. दोन कॉइल कर, खालची स्थिर आणि वरची लाकडी पट्टीवर सरकणारी, आणि एकच आलेख काढ: बाजूला सरकण्याचं अंतर आणि पोचलेली वॅट. मग खालची गोल कॉइल काढून लंबगोल कर आणि तोच आलेख पुन्हा काढ. मग दोन कॉइल शेजारी-शेजारी ठेव आणि एकीवरून दुसरीवर जाताना मध्ये वीज किती पडते ते मोज, धावत्या गाडीला दर कॉइलला तोच खड्डा लागतो आणि तो बुजवायला जगभरचे लोक अजून डोकं लावतायत.

तार साधी जाड घेऊ नको, ८५ किलोहर्ट्झला वीज तारेच्या कातडीतूनच वाहते आणि आतलं तांबं फुकट जातं, वर तापतं. बारीक इनॅमल तारांची दोरी वळलेली असते, लिट्झ वायर म्हणतात, ती महाग वाटली तर चाळीस-पन्नास बारीक तारा ड्रिल मशिनला लावून स्वतः पीळ. खालून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावायचा असेल तर कॉइल आणि पत्रा यांच्यामध्ये फेराइटच्या पट्ट्या आधी ठेव, नाहीतर पत्राच तुझी वीज खाईल. आणि ऑसिलोस्कोप लॅबमधूनच मागून घे, मल्टिमीटरवर या फ्रिक्वेन्सीचे आकडे खोटे येतात, त्यात माझा स्वतःचा पहिला महिना गेला होता.